भायिलेचे माणिक

पूर्वी तगर नगरात जयबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका रत्नपारख्याच्या घरी जन्माला आला. वडील वारल्यावर पेठेतले त्यांचे दुकान त्याने चालवायला घेतले. उत्पल नावाचा त्याचा धाकटा भाऊही त्याच्याबरोबर दुकानात बसे.

बोधिसत्त्वाची विकण्याची रीत पेठेतल्या इतरांहून वेगळी होती. कोणी दागिना घ्यायला आले की तो आधी त्याला दागिना पाहायला शिकवी. गिऱ्हाइकाला घेऊन तो दुकानासमोरच्या उन्हात उभा राही आणि एकेक खडा त्याच्या हातात देई.

"ओठाला लावून पाहा," तो म्हणे. "खरा खडा थंड लागतो आणि बराच वेळ थंड राहतो. काच हातात धरली की लगेच कोमट होते. आता उन्हात धरा. आत बारीक गोल बुडबुडे दिसतात का? ते भट्टीतले. जमिनीच्या पोटात तयार झालेल्या खड्यात बुडबुडे नसतात, रेषा असतात. रंग एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिका असतो. खडा अगदी निर्मळ दिसला, कुठे डाग नाही की रेष नाही, तर हरखून जाऊ नका, दोनदा पाहा. आणि कोंदण मागून बंद असेल तर उघडून दाखवा म्हणा. खाली चकचकीत पत्रा घातला की फिक्या काचेलाही रंग चढतो."

एवढे ऐकून काही गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानात जात, तिथल्या खड्यांची पारख करून पाहत आणि परत येत. काही परत येत नसत. उत्पलला हे आवडत नसे.

"दादा, अशाने लोक शहाणे होतील आणि आपल्याच मालात खोड काढतील," तो म्हणे.

"काढू देत," बोधिसत्त्व म्हणे. "खोड काढणारं गिऱ्हाईक मला चालतं. फसलेलं माणूस दारात येऊन उभं राहिलं, तर त्याला काय सांगायचं ते मला सुचत नाही."

त्यांच्या वडिलांनी मागे ठेवलेले एक माणिक दुकानातल्या आतल्या पेटीत होते. बोराएवढे, कबुतराच्या रक्ताच्या रंगाचे. उन्हात धरले तर आत निखारा फुंकल्यासारखे दिसे. राजाला ते आपल्या मुकुटासाठी हवे होते. वसंतोत्सवात ते माणिक दरबारात आणावे, त्या दिवशी बोधिसत्त्वाला राजभांडाराचा मुख्य पारखी नेमले जाईल, असे ठरले होते. नगरातल्या रत्नपारख्यांपैकी आजवर कोणालाच तो मान मिळाला नव्हता.

त्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या बंदरात मोत्यांचे गलबत लागले. राजाने बोधिसत्त्वाला मोती पारखायला तिकडे पाठवले. दुकान उत्पलच्या हाती आले.

थोरला भाऊ गेला आणि थोड्याच दिवसांत एक परदेशी व्यापारी दुकानात आला. त्याने कापसात गुंडाळलेले एक मोठे माणिक काढले आणि मोत्यांच्या सरांच्या बदल्यात देऊ केले. उत्पलला ते पाहताक्षणी आवडले. तरी तो म्हणाला, "भाऊ येऊ द्या. ते पाहतील, मग ठरवू."

व्यापारी हसला. "म्हणजे दुकान तुमचं, आणि डोळे भावाचे?"

हे शब्द उत्पलला लागले. त्याने तिथल्या तिथे सर काढून दिले आणि माणिक ठेवून घेतले. व्यापारी नगर सोडून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याने ते उन्हात धरले. आत, अगदी कडेला, मोहरीच्या दाण्याएवढा एक गोल बुडबुडा होता. शेजारी आणखी दोन होते.

उत्पलने ती काच पुन्हा कापसात गुंडाळून फडताळात ठेवली. भाऊ रागावणार नाही हे त्याला ठाऊक होते. तो फक्त काच हातात घेईल, उन्हात धरील आणि काही न बोलता परत देईल, हेही ठाऊक होते. ते न बोलणे त्याला नको होते. भाऊ परतायच्या आत ही काच कशी तरी घरातून जावी, एवढाच विचार तो रात्रंदिवस करू लागला.

त्याच नगरात मित्रदेव नावाचा एक सार्थवाह राहत होता. तो बैलांचे तांडे घेऊन घाट ओलांडून बंदराला जाई आणि माल घेऊन परत येई. भायिला ही त्याची बायको. त्यांना मूलबाळ नव्हते, पण दोघांचे एकमेकांवर फार प्रेम होते. तो परतायचा असला की भायिला वेशीपाशी जाऊन बसे, आणि तांड्याच्या घंटा ऐकू आल्या की उठून उभी राही.

त्या हिवाळ्यात घंटा ऐकू आल्या नाहीत. घाटात कालसेन नावाच्या लुटारूने तांडा अडवला होता. त्याने माल लुटला, माणसे सोडून दिली आणि मित्रदेवाला ठेवून घेतले. सुटून आलेल्या माणसांबरोबर त्याने निरोप पाठवला होता: बोराएवढे माणिक आणा आणि सार्थवाहाला घेऊन जा. पौर्णिमेपर्यंत वाट पाहीन. कालसेनाला आपल्या मुलीच्या लग्नात पलीकडच्या डोंगरातल्या नायकाला नजराणा द्यायचा होता. धान्य आणि गुरे त्याच्याकडे पुष्कळ होती, पण अशी वस्तू नव्हती.

भायिला बोधिसत्त्वाच्या दुकानी आली. येताना तिने आपले सगळे दागिने पदरात बांधून आणले होते.

"आर्य पारखी आहेत का?" तिने विचारले.

"बंदराला गेलेत," उत्पल म्हणाला. "केव्हा येतील सांगता येत नाही."

ती पायरीवर बसली. मग तिने सगळी हकिकत सांगितली. दागिने पुढे ठेवले आणि म्हणाली, "हे घ्या. राहतं घरही तुमच्या नावाने करून देते. मला माणिक द्या. मला खरं-खोटं कळत नाही. या दुकानात फसवत नाहीत, एवढंच कळतं, म्हणून आले."

उत्पलच्या मागे, आतल्या पेटीत, वडिलांचे माणिक होते. ते राजाला द्यायचे ठरले होते आणि भावाला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा अधिकार त्याला नव्हता. निदान त्याने स्वतःला तसे सांगितले. त्याचा हात फडताळाकडे गेला. त्याच क्षणी त्याच्या मनात आले, हे माणिक जाणार कोणाकडे? एका चोराकडे. चोराने काच घेतली तर त्यात कोणाचे काय बिघडले? नवरा सुटेल, चोराला योग्य ते मिळेल आणि काच घरातून जाईल. हा विचार त्याला इतका बरोबर वाटला की त्याला हलके हलके वाटू लागले.

त्याने कापूस उलगडला. भायिलेने बोधिसत्त्वाला पूर्वी कधीतरी गिऱ्हाइकांना शिकवताना पाहिले होते. तिने खडा ओठाला लावला. थंडीची सकाळ होती. फडताळातली प्रत्येक वस्तू त्या दिवशी थंडच होती.

"थंड आहे," ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर थोडे समाधान आले. "आर्य उन्हात नेऊन बघायला सांगतात ना? नेऊ का?"

"एवढं मोठं माणिक रस्त्यावर काढू नका," उत्पल म्हणाला. "लोकांच्या नजरा वाईट असतात. वाटेत कोणी पाळत ठेवील."

तिला ते पटले. उलट त्याने आपली एवढी काळजी केली म्हणून तिने हात जोडले. माणिक तिने कमरेच्या गाठीत बांधले, घर त्याच्या नावाने करून दिले आणि ओळखीच्या एका म्हाताऱ्या गाडीवानाला घेऊन ती घाटाच्या वाटेला लागली.

ती गेल्यावर काही दिवसांनी बोधिसत्त्व बंदरावरून परत आला. तो दुसऱ्या वाटेने आला होता, म्हणून त्यांची गाठ पडली नाही. वेशीत शिरताच एक तेली त्याला म्हणाला, "भायिलेचं काम तुमच्या दुकानाने केलं हो. तिने घर दिलं, पण माणिक मिळालं. मित्रदेव सुटला तर नगरात आनंद होईल."

बोधिसत्त्व थेट दुकानात गेला. अंगावरची धूळही न झटकता त्याने आतली पेटी उघडली. वडिलांचे माणिक जागच्या जागी होते. तो बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिला.

"उत्पल," त्याने विचारले, "मग तिला तू कोणतं माणिक दिलंस?"

उत्पलने खाली पाहिले. मग सगळे सांगितले. परदेशी व्यापारी, मोत्यांचे सर, बुडबुडे, काहीच लपवले नाही. शेवटी म्हणाला, "दादा, ते चोराला जाणार होतं. चोराला काच दिली तर कोणाचं काय बिघडलं?"

"तो पारख करील," बोधिसत्त्व म्हणाला. "त्या वेळी त्याच्या समोर कोण उभं असेल?"

इतक्या दिवसांत हा विचार उत्पलच्या मनात एकदाही आला नव्हता.

बोधिसत्त्वाने पेटीतले माणिक घेतले. उत्पल म्हणाला, "दादा, ते राजाचं आहे. वसंतोत्सव तोंडावर आला. तुमची नेमणूक..."

"अजून मी ते राजाला दिलेलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने घोडा मागवला आणि आल्या पावली तो निघाला.

वाटेत त्याने घोडा दोनदा बदलला. जेवायला तो कुठे थांबला नाही. पौर्णिमा अजून यायची होती, आणि भायिला बैलगाडीने गेली होती. आपण तिला गाठू, असे त्याला वाटत होते. पण भायिलेने गाडीवानाला कुठेही थांबू दिले नव्हते. चढणीवर बैल थकले तेव्हा ती गाडीतून उतरून पायी पुढे गेली होती.

घाटाच्या पायथ्याशी प्रवाशांसाठी खडकात कोरलेली पाण्याची पोढी होती. दुपारच्या उन्हात तिथे एक गाडी सोडलेली त्याला दिसली. बैल रवंथ करीत बसले होते. म्हातारा गाडीवान गुडघ्यांत डोके घालून बसला होता. भायिला पोढीच्या काठावर होती. तिचे डोळे कोरडे होते. बोधिसत्त्व घोड्यावरून उतरला आणि काय झाले ते त्याला विचारावे लागले नाही.

तिनेच त्याला ओळखले. "आर्य, तुम्ही?" ती म्हणाली. "बरं झालं आलात. मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

तिने कमरेची गाठ सोडली आणि खडा त्याच्यासमोर धरला. त्यावर एक लांब पांढरा ओरखडा होता.

"त्यांच्याकडे एक म्हातारा आहे," ती सांगू लागली. "त्याने यावर गारगोटीचं टोक ओढलं. म्हणाला, काच आहे. मी म्हटलं, तुला काय कळतं, हे तगरच्या पारख्याच्या दुकानातलं आहे. कालसेन म्हणाला, माझ्या माणसांच्या देखत मला काच देतेस? आणि मग..." ती थांबली. "तो म्हातारा आंधळा आहे ना? हे खरं आहे ना? तुम्ही सांगा. म्हणजे मी जन्मभर त्या कालसेनाला शाप देत राहीन, मला दुसरं काही नको."

बोधिसत्त्वाने खडा हातात घेतला. तो उन्हात धरायची गरज नव्हती, तरी त्याने धरला. तिला खोटे सांगितले तर तिला थोडा आधार मिळेल, हे त्याला कळत होते. भाऊ शिक्षेतून वाचेल, दुकानाचे नाव राहील, हेही कळत होते. पण पुढे कधीतरी कोणीतरी तिला तो बुडबुडा दाखवील, आणि त्या दिवशी ती एकटी असेल.

"बाई," तो म्हणाला, "ही काच आहे. माझ्या भावाला ती काच आहे हे ठाऊक होतं. मी हे कळताच निघालो, पण मला उशीर झाला."

भायिलेने काच त्याच्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याने काच म्हटलं तेव्हा आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात बांधलेले नव्हते. मी बोलू शकत होते. पण मला काही सुचलं नाही. आर्य, त्यांना काय वाटलं असेल? मी घर वाचवलं, दागिने वाचवले, आणि त्यांच्यासाठी काच आणली, असंच वाटलं असेल ना?"

बोधिसत्त्व तिच्याजवळ बसून राहिला.

थोड्या वेळाने गाडीवान म्हणाला, "त्याने देहही दिला नाही, आर्य. वाटेवर टाकून ठेवायचा म्हणतो. फसवणाऱ्यांनी पाहावा म्हणून."

बोधिसत्त्व उठला आणि एकटाच घाट चढून गेला. कालसेनाच्या माणसांनी त्याला अडवले. त्याने माणिक दाखवले तेव्हा त्यांनी त्याला आपल्या नायकापुढे नेले. कालसेन पिकल्या केसांचा, जाडजूड हाडापेराचा माणूस होता. त्याने म्हाताऱ्याला हाक मारली. म्हाताऱ्याने माणिक ओठाला लावले, उन्हात धरले, गारगोटीचे टोक त्यावर जोर देऊन ओढले. ओरखडा उठला नाही. त्याने माणिक दोन्ही हातांनी परत दिले आणि म्हणाला, "नायका, असं मी जन्मात पाहिलेलं नाही."

"याच्या बदल्यात काय हवं?" कालसेनाने विचारले.

"सार्थवाह," बोधिसत्त्व म्हणाला.

"तो मेला. तुला खाली कळलं नाही का?"

"कळलं. त्याचा देह हवा. त्याच्या बायकोला त्या देहाला अग्नी द्यायचा आहे."

कालसेन त्याच्याकडे पाहत राहिला. "मेलेल्या माणसासाठी हे देतोस? ते जिवंत माणसासाठी मागितलं होतं मी."

"जिवंत माणसासाठीच आणलं होतं," बोधिसत्त्व म्हणाला.

कालसेनाने माणिक मुठीत धरले, पण त्याला आनंद झालेला दिसला नाही. "तो माणूस वाईट नव्हता," तो म्हणाला. "एवढे दिवस इथे होता. माझ्या पोरीला बंदराच्या गोष्टी सांगायचा. पोर कालपासून जेवली नाही. हे काल आलं असतं, तर मी त्याला स्वतः पायथ्यापर्यंत पोचवलं असतं." मग त्याने माणसांना देह खाली न्यायला सांगितले.

पायथ्याशी चिता रचली. भायिलेने अग्नी दिला. चिता पेटली तेव्हा ती काहीतरी पुटपुटत होती. ती नवऱ्याला सगळे समजावून सांगत आहे, हे बोधिसत्त्वाच्या लक्षात आले, आणि तो दूर जाऊन उभा राहिला.

नगरात परतल्यावर बोधिसत्त्व स्वतः राजाकडे गेला आणि घडले ते सांगितले. उत्पलला दरबारात बोलावले. खोटे रत्न खरे म्हणून विकणाऱ्याचा हात तोडावा, असा त्या राज्याचा कायदा होता. शिवाय राजा माणिक गेल्यामुळेही रागावला होता.

"तुझ्या भावासाठी तुला काही मागायचं आहे?" राजाने बोधिसत्त्वाला विचारले.

"महाराज, दुकान माझं आहे. तिथे घडलेल्या गोष्टीत मीही आलो. मला जी शिक्षा द्याल ती द्या. पण भावासाठी मागायचा हक्क मला नाही. तो या बाईंचा आहे."

राजाने भायिलेकडे पाहिले. ती दरबाराच्या टोकाला उभी होती. उत्पल तिच्याकडे पाहू शकत नव्हता.

"मी याला क्षमा करत नाही," ती म्हणाली. "पुढेही करीन असं वाटत नाही. पण हात तोडून काय होईल? दहा दिवस लोक बोलतील आणि विसरतील. महाराज, याचा हात राहू द्या. याने पेठेच्या तोंडाशी बसावं. जो कोणी दागिना घ्यायला येईल, त्याला खरा खडा कसा ओळखायचा ते याने शिकवावं. आणि शिकवताना, आपण काय केलं ते सांगावं. प्रत्येकाला."

राजाने तसे ठरवले. घर आणि दागिने तिला परत मिळाले. राजभांडाराची जागा दुसऱ्याच एका पारख्याला दिली गेली आणि दरबाराचे काम बोधिसत्त्वाकडे पुन्हा कधी आले नाही. त्याने त्याबद्दल तक्रार केली नाही. पूर्वीसारखाच तो दुकानासमोर उन्हात उभा राही आणि गिऱ्हाइकांना खडे दाखवी. पण जाणारे-येणारे पाहत, की मधूनच तो हातातला खडा विसरून घाटाच्या दिशेला पाहत राही.

उत्पल पेठेच्या तोंडाशी बसू लागला. आरंभी त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. लोक भोवती गोळा होत, कोणी हसत, कोणी शिव्या देत. पुढे हसणारे थांबले. मग नुसतेच शिकायला येऊ लागले. लांबलांबच्या गावांहून लेकींची लग्ने ठरवणारे आईबाप येत. तो त्यांना सगळे शांतपणे शिकवी. थंडीच्या सकाळी ओठाच्या पारखीवर विसंबू नका, हे तो न चुकता सांगे. विकणारा खडा उन्हात नेऊ देत नसेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नका, हेही सांगे. आणि शेवटी आपल्या हातून काय झाले ते सांगे. त्याच्या शिकवण्यामुळे पुष्कळ माणसे फसण्यापासून वाचली. मित्रदेव मात्र परत आला नाही.

भायिला त्या वाटेने जाताना त्याच्याकडे पाहत नसे. अशी बरीच वर्षे गेली. तिचे केस पांढरे झाले. एके दिवशी ती शेजाऱ्यांच्या लग्नाळू मुलीला घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मुलीच्या हातात होणाऱ्या सासरहून आलेला हार होता.

"हिला शिकवा," ती म्हणाली.

उत्पलने मुलीला शिकवले. हाराचे कोंदण उघडून दाखवले. खडे खरे होते. मुलगी आनंदाने हसली. मग त्याने मान खाली घालून आपली हकिकत सांगायला सुरुवात केली, तशी भायिलेने त्याला हाताने थांबवले.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला एकच माहीत नाही. आर्यांनी घाटात नेलं ते खरं माणिक त्यांनी बंदरावरून आणलं होतं ना? मी आले होते तेव्हा दुकानात ते नव्हतं ना?"

कित्येक वर्षे तिने हे असेच धरून ठेवले होते, हे उत्पलला त्या क्षणी कळले. एका शब्दाने तो ते तसेच राहू देऊ शकत होता.

"होतं," तो म्हणाला. "तुम्ही पायरीवर बसला होता, तेव्हा ते माझ्या पाठीमागच्या पेटीत होतं. मी हात लांब केला असता तर..."

भायिलेने पुढचे ऐकले नाही. तिने मुलीच्या हातातला हार नीट पदराखाली झाकला, मुलीचा हात धरला आणि ती निघून गेली. उत्पल तिथेच बसून राहिला. संध्याकाळी बोधिसत्त्व दुकान बंद करून आला आणि त्याच्याजवळ बसला. मग दोघे भाऊ बरोबर घरी गेले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथे तिष्य नावाचा एक भिक्षू होता. धनमित्र नावाचा एक म्हातारा उपासक त्या विहाराला रोज भिक्षा आणी. त्याचा एकुलता एक मुलगा भिक्षू होऊन दूरच्या प्रदेशात गेला होता. तिष्य त्याच प्रदेशातून आला आहे, असे कळल्यावर म्हाताऱ्याने त्याला विचारले, "माझा मुलगा भेटला का? बरा आहे ना?" तिष्याला तो कधी भेटला नव्हता. पण म्हातारा फार वेळ थांबेल, रडेल, म्हणून तो म्हणाला, "भेटला. छान आहे. पावसाळ्यानंतर येतो म्हणाला." म्हाताऱ्याने ते ऐकून घर सारवले, मुलाच्या आवडीचे धान्य वेगळे काढून ठेवले आणि तो रोज वाटेवर येऊन बसू लागला. इतर भिक्षूंनी तिष्याला बोल लावला, तेव्हा तो म्हणाला, "दोन गोड शब्द बोललो. त्यात कोणाचं काय बिघडलं?"

कथा संपवून शास्त्यांनी तिष्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कालसेन आणि त्याची मुलगी आज याच नगरात नांदत आहेत. भायिला ती, जी आज भिक्षुणीसंघात कोणाशीही फारसे न बोलता राहते. उत्पल म्हणजे हा तिष्य. तगरचा पारखी मीच होतो. आणि मित्रदेव, ज्याने शेवटच्या क्षणी बायकोकडे पाहिले, तो म्हणजे वाटेवर मुलाची वाट पाहत बसलेला धनमित्र."

तिष्य जागचा उठला. त्याने शास्त्यांना वंदन केले आणि तो विहाराबाहेर, म्हातारा बसला होता त्या दिशेला, चालू लागला.

तो गेल्यावर शास्ते म्हणाले, "त्या जन्मी मी दोन गोष्टी जपल्या. माणिक देताना करुणा आणि पोढीच्या काठावर सत्य. दोन्हींपैकी सत्य जास्त जड होते. पण सत्याला उशीर झाला, की त्याच्याबरोबर दुःखही चालत येते. म्हणून ते लवकर बोलावे."